पाळी जात आली असताना दिवस राहू शकतात का? साधन नेमकं कधी थांबवायचं?

तगर

बचतगटाच्या आरोग्य-बैठकीसाठी चाळीस ते बावन्न वयाच्या बायकांकरता दोन पानी माहितीपत्रक करायचं आहे. गरम वाफा, हाडं, कॅल्शियम यावर हवं तेवढं साहित्य मिळतं. अडतं ते दिवस राहण्याच्या मुद्द्यावर, कारण त्याबद्दल मराठीत एकतर काही लिहिलेलंच नाही, नाहीतर "डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढ्यावर आटोपलेलं. म्हणून जाणकारांना विचारते.

पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, त्या काळात दिवस राहण्याची शक्यता आकड्यात किती? निरोध, तांबी, गोळ्या जे काही चालू असेल ते कधी बंद करावं? लॅबच्या पॅकेजमध्ये एफएसएच आणि एएमएच (बीजकोषाचा अंदाज देणाऱ्या हॉर्मोनच्या रक्ततपासण्या) असतं, त्यावरून "आता काळजी नको" असं खात्रीने सांगता येतं का? आणि उलट बाजूही हवी आहे: उशिरा लग्न झालेल्या किंवा दुसरं लग्न झालेल्या बाईला पंचेचाळिशीत मूल हवं असेल तर तिला खरं काय सांगायचं?

पत्रकात एक नमुना घ्यायचा विचार आहे: वय ४७, शेवटची पाळी ७५ दिवसांपूर्वी, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन नाही, निरोध कधी वापरतात कधी नाही. घरच्या किटवर एकच रेघ आली. हिने पुढे काय करायचं?

---

ओपीडी_नंबर_४

तगर, आधी एक घोळ सोडवू. रजोनिवृत्ती ही तारीख मागे वळून ठरते. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने काहीच आलं नाही की मग म्हणायचं, "ती शेवटची होती." आपल्याकडे हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी घडतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची चार-सहा वर्षं संक्रमणाची, आणि तुमचे सगळे प्रश्न त्या वर्षांतले आहेत.

या काळाचे दोन टप्पे असतात. २०११ मध्ये ठरलेल्या 'स्ट्रॉ प्लस १०' या वर्गीकरणात ते नेमके दिले आहेत. पहिल्या टप्प्यात एका पाळीचं चक्र आणि पुढचं चक्र यात सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागतो, म्हणजे एकदा २४ दिवसांनी, मग ३३ दिवसांनी. दुसऱ्या टप्प्यात मधेच ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडतो. तुमच्या नमुन्यातली बाई दुसऱ्या टप्प्यात आहे. हा टप्पा साधारण एक ते तीन वर्षं चालतो.

आता आकडे. नियमित संबंध असतील तर तिशीत एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास, चाळिशीत ५ टक्के, पंचेचाळिशीनंतर १ टक्का किंवा त्याहून कमी. आणि राहिलेल्या गर्भांपैकी पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून जास्त आपोआप पडतात. म्हणून "आता काय राहणार" हे बायकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण तो १ टक्का सगळ्या बायकांची सरासरी आहे. बीजांड सुटलेल्या महिन्यात ती शक्यता असते, न सुटलेल्या महिन्यात शून्य असते, आणि यातला कुठला महिना चालू आहे हे बाहेरून कळत नाही.

पत्रकात ठळक छापा अशी एक गोष्ट: बीजांड पाळीच्या आधी सुटतं, नंतर नाही. बीजांड सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. समजा अडीच महिने काहीच नव्हतं आणि ८२ व्या दिवशी अचानक एक बीजांड सुटलं. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीजांड १२ ते २४ तास. त्या आठवड्यात संबंध आला असेल तर मधे पाळी न येताच दिवस राहू शकतात. "पाळी परत सुरू झाली की मग काळजी घेऊ" हा हिशेब इथेच चुकतो. बाई तेव्हा समजते की पाळी गेलीच. पोट दिसू लागतं तोवर चार-पाच महिने झालेले असतात.

साधन थांबवण्याचा नियम वयावर ठरतो. ब्रिटनच्या गर्भनिरोधन मार्गदर्शक सूचनांमधला नियम वापरायला सोपा आहे, आपल्याकडेही बरेचजण तोच पाळतात. शेवटची पाळी पन्नाशीच्या आधी आली असेल तर पुढे दोन वर्षं साधन चालू ठेवायचं. पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष. वय ५५ झालं की थांबवायला हरकत नाही, तेव्हा कधीमधी रक्त दिसत असलं तरी गर्भ राहण्याची शक्यता जवळपास संपलेली असते (रक्त का दिसतंय याचा तपास मात्र करायचाच). आपल्याकडे पाळी लवकर जाते, त्यामुळे बहुतेक बायकांना दोन वर्षांचाच नियम लागू होतो. ४५ व्या वर्षी शेवटची पाळी आली तर ४७ पर्यंत.

ही मोजणी फक्त नैसर्गिक पाळीची. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना दर महिन्याला येतं ते गोळी थांबवल्यावर होणारं रक्तस्रवण असतं. बीजकोष कधीच थंडावले असले तरी ते येत राहतं. गणपतीला किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली आणि ती बंद केल्यावर रक्त आलं, तर तेही मोजणीत धरायचं नाही. शिवाय ती गोळी गर्भनिरोधक म्हणून दिलेली नसते, त्या आठवड्यात काळजी नको असं समजू नये. याच्या उलट हॉर्मोनची तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन यांनी पाळी बंद पडते, तेव्हा ती साधनाने बंद पडली की वयाने हे ओळखता येत नाही. अशा बाईचं वय ५० च्या वर असेल तर एफएसएच करतात. ३० च्या वर आलं तर आणखी एक वर्ष साधन ठेवून मग थांबवतात.

कुठलं साधन? चाळिशीनंतर मला साधी तांबी सगळ्यात सोयीची वाटते. ३८०-ए प्रकारची चाळिशीनंतर बसवली असेल तर त्याच सूचनांप्रमाणे पाळी जाईपर्यंत ठेवता येते. आपल्या सरकारी कार्डावर दहा वर्षं लिहिलेली असतात. अडचण एकच: या वयात आधीच अंगावरून जास्त जात असेल तर तांबीने ते वाढतं. तिथे हॉर्मोनची तांबी दोन्ही कामं करते, आणि ५२ मिलिग्रॅमची ४५ नंतर बसवलेली असेल तर गर्भनिरोधनासाठी ५५ पर्यंत चालते. दोन हॉर्मोन असलेली नेहमीची गोळी ५० नंतर नको. रक्तदाब, पायात गुठळीचा इतिहास, किंवा डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी असेल तर त्याआधीही नको. इंजेक्शनही पन्नाशीला बंद करून दुसरं काही घ्यावं, हाडांच्या दृष्टीने. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी या वयातही करता येते, फक्त तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य आल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. हा पर्याय पत्रकात घालाच, बैठकीत कोणी आपणहून विचारणार नाही.

गरम वाफांसाठी दिलेली हॉर्मोन-थेरपी हे गर्भनिरोधक नव्हे. त्यातली मात्रा बीजांड सुटणं थांबवायला पुरत नाही.

---

लाल_झाकणाची_बाटली

लॅबच्या प्रश्नापुरतं लिहितो.

एफएसएच या वयात एकसारखं राहत नाही. मेंदूतली ग्रंथी थकत चाललेल्या बीजकोषाला ढकलण्यासाठी ते वाढवते. मधेच एखादी पुटिका (बीजांड जिच्यात वाढतं ती बारीक पिशवी) प्रतिसाद देते, इस्ट्रोजेन चढतं आणि एफएसएच खाली येतं. एकाच बाईचा एका महिन्यात ४५ आणि पुढच्या महिन्यात ९ असा रिपोर्ट आला तर लॅब चुकली असं नाही. संक्रमणाच्या दुसऱ्या टप्प्यात २५ च्या वर हा सूचक आकडा मानतात, पण तो आलेल्या महिन्यानंतरही बीजांड सुटू शकतं. म्हणून पाळी चालू असलेल्या पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला फक्त "पाळी जात आली का" हे बघायला एफएसएच करून काही हाती लागत नाही. वय आणि पाळीची वही पुरते.

एएमएच म्हणजे बीजकोषात शिल्लक असलेल्या लहान पुटिकांचा अंदाज. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) इंजेक्शनं दिल्यावर किती बीजांडं मिळतील हे सांगायला ते चांगलं. नैसर्गिकपणे दिवस राहतील की नाही हे ते सांगत नाही. २०१७ मध्ये ३० ते ४४ वयाच्या बायकांवर झालेल्या अमेरिकन अभ्यासात एएमएच कमी असलेल्यांना आणि नेहमीचं असलेल्यांना दिवस राहण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. हॉर्मोनच्या गोळ्या चालू असतील तर एएमएच खोटंच कमी दिसतं.

आणि एक किडा जो हल्ली फार सापडतो: बायोटिन. केस गळतात म्हणून ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या बऱ्याच बायका घेतात आणि लॅबमध्ये सांगत नाहीत. बऱ्याच यंत्रांवरच्या हॉर्मोन तपासण्या बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीवर चालतात. रक्तात जादा बायोटिन असलं की एफएसएच, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बीटा-एचसीजी (गर्भ असल्याचं हॉर्मोन) खोटे कमी येतात आणि इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) खोटं जास्त. एकाच नमुन्यात दोन उलट्या चुका! रिपोर्ट तरुण बाईचा वाटतो. निदान दोन-तीन दिवस आधी गोळी बंद करून नमुना द्यावा.

बीटा-एचसीजी रक्तात ५ ते १४ च्या मधे आलं तर घाबरू नये आणि घाईने गर्भही म्हणू नये. या वयात मेंदूतली ग्रंथीही थोडं एचसीजी सोडते. ४८ तासांनी पुन्हा करायचं: गर्भ असेल तर आकडा चढतो, ग्रंथीचं असेल तर तिथेच रेंगाळतं आणि एफएसएच बरोबरीने चढलेलं असतं.

---

मनमौजी_४४

पण एएमएच ०.१ आलं असेल तर बीजांडं संपलीच ना? मग साधन कशाला? उगाच तांबी बसवून घ्यायची?

---

काचेतली_बाळं

संपली नाहीत, म्हणूनच. आकड्यांत सांगते.

मुलगी आईच्या पोटात वीस आठवड्यांची असते तेव्हा तिच्या बीजकोषात साठ-सत्तर लाख बीजांडं असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, पहिल्या पाळीच्या वेळी तीन-चार लाख, ३७ व्या वर्षी सुमारे २५ हजार. पाळी कायमची थांबते तेव्हाही हजाराच्या आसपास उरलेली असतात. एएमएच ०.१ म्हणजे पुटिका इतक्या कमी की यंत्राला त्या जेमतेम दिसतात. महिन्याला एकच लागते आणि ती कधी येईल सांगता येत नाही. उलट, एफएसएच जास्त असल्यामुळे या वयात कधीकधी दोन पुटिका एकदम पिकतात. चाळिशीच्या उंबरठ्यावर नैसर्गिक जुळी जास्त होतात ती यामुळे.

आता तगर यांचा चौथा प्रश्न, मूल हवं असलेल्यांचा. इथे अडचण संख्येपेक्षा प्रतीची आहे. बीजांड आईच्या गर्भात असल्यापासून अर्धवट विभाजनाच्या अवस्थेत थांबलेलं असतं, पंचेचाळिशीत सुटणारं बीजांड पंचेचाळीस वर्षं थांबलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे प्रथिनांचे पट्टे तोवर झिजतात, मग विभाजन पुन्हा सुरू होताना एखादी जोडी नीट फाटत नाही, एका बाजूला एक जास्त, दुसरीकडे एक कमी. सूक्ष्मदर्शकाखाली असा गर्भ बहुतेक वेळा देखणाच दिसतो. पेशी सारख्या, कड साफ, पाचव्या दिवशी फुगलेला. तपासला की ४४-४५ च्या बाईच्या दहांपैकी आठ-नऊ गर्भांत गुणसूत्रांचा घोळ सापडतो. यातले बरेचसे रुजतच नाहीत, रुजले तर पडतात, आणि मोजके पुढे जातात. डाऊन सिंड्रोमचं प्रमाण आईच्या ३५ व्या वर्षी साधारण ३५० जन्मांत एक, चाळिसाव्या वर्षी १०० त एक, पंचेचाळीसला ३० त एक असं चढतं ते त्यातूनच.

म्हणून स्वतःच्या बीजांडांवर आयव्हीएफ केलं तर ४५ नंतर दर सायकलमागे मूल घरी येण्याचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात राहतं. मोठी इंजेक्शनं देऊन हे बदलत नाही. इंजेक्शन त्या महिन्यात उठलेल्या पुटिका वाढवतं, नव्या घडवत नाही आणि जुन्यांची झीज भरून काढत नाही. डीएचईए, क्यू-टेन या पूरक गोळ्यांचा या वयात ठाम उपयोग सिद्ध झालेला नाही. बीजकोषात प्लेटलेटचं इंजेक्शन देऊन 'बीजकोष तरुण करतो' अशा जाहिराती दिसतात. त्यामागे पुरावा फार कच्चा आहे आणि बिल पक्कं असतं.

दान केलेल्या बीजांडाने मात्र चित्र पालटतं, कारण यशाचं प्रमाण बीजांड देणारीच्या वयाप्रमाणे चालतं, घेणारीच्या नव्हे. गर्भपिशवी हॉर्मोन दिले की पन्नाशीतही गर्भ धरते. गुंटूरला सप्टेंबर २०१९ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या बाईने जुळ्यांना जन्म दिला ती बातमी आठवत असेल. बैठकीत कोणीतरी ती काढेलच. ती बीजांडं दुसऱ्या बाईची होती हे त्याच दमात सांगा, नाहीतर चुकीचा अर्थ घेतला जातो. आणि आता तसं करता येत नाही: २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे उपचार घेणाऱ्या बाईचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत हवं. बीजांड देणारी २३ ते ३५ वयाची, तिने आयुष्यात एकदाच द्यायचं, तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजांडं काढायची नाहीत, आणि तिचा विमा जोडप्याने उतरवायचा. शेजारच्या ओळखीची कोणी "माझ्या घ्या" म्हणाली तर ते असं परस्पर होत नाही, नोंदणीकृत बँकेतूनच जावं लागतं.

स्वतःची बीजांडं आधी गोठवून ठेवलेली असतील तर त्यांचं वय गोठवलेल्या दिवशीचंच राहतं. पण ४४ ला गोठवण्यात अर्थ नाही.

४५ ला प्रयत्न करायचे असतील तर वर्षभर वाट बघू नका, ताबडतोब तपासणी. ३५ नंतर सहा महिने, चाळिशीनंतर लगेच, हा नियम आहे. आणि पाळी ४० च्या आत थांबली असेल तर तो वेगळाच विषय. तिथे दिवस राहण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं पण शून्य नसतं, आणि मूल नको असलं तरी हाडांसाठी हॉर्मोन लागतात.

---

उपकेंद्र_सिस्टर

तुमच्या नमुन्यातल्या ताईंपाशी येते, कारण पत्रक वाचणारीला तेच हवं असणार.

किटवर एक रेघ आली म्हणजे नाही, हे केव्हा धरायचं? पाळी नियमित असेल तर चुकलेल्या दिवसावरून मोजतात. इथे पाळीच बेभरवशाची, म्हणून शेवटच्या विनासाधन संबंधाच्या तारखेवरून मोजायचं. त्या दिवसापासून २१ दिवस पूर्ण झाल्यावर केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर त्या संबंधातून दिवस राहिलेले नाहीत. आधी केली असेल तर पुन्हा करायची. निश्चय किट आशाताईकडे मिळतं. सकाळची पहिली लघवी, कोरड्या भांड्यात. पाकीट वापरायच्या वेळीच फोडायचं, आधी फोडून ठेवलं तर पट्टी हवेतला ओलावा पिते. ड्रॉपरने खळग्यात पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, सहसा दोन-तीन, आणि सपाट जागी ठेवून पाच मिनिटांत वाचायचं. अर्ध्या तासाने कचऱ्यातून काढून बघितलं तर वाळल्याची पुसट रेघ दिसते, तिला अर्थ नाही. नियंत्रणाच्या जागी रेघच आली नाही तर किट बाद.

काळजी वाटणारा संबंध गेल्या पाच दिवसांतला असेल तर तांबी बसवणं हे सगळ्यात खात्रीचं आणीबाणीचं साधन आहे, आणि पुढच्या वर्षांचाही प्रश्न मिटतो. आणीबाणीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी.

दुकानातून "पाळी यायची गोळी" आणून घेतात, ते चाचणीआधी अजिबात नको. गर्भ असेल तर ती गोळी तो पाडत नाही, नुसता उशीर होतो.

बीजांड सुटलं का ते बघायच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, त्या या वयात फसवतात. त्या ज्यावर चालतात ते एलएच हॉर्मोन मुळातच चढलेलं असतं, रोजच "सुटलं" दाखवतात. मालाचक्राचंही (सुरक्षित दिवस मोजायची मण्यांची माळ) तसंच. ते मणी २६ ते ३२ दिवसांची पाळी असलेल्यांसाठीच आहेत, वर्षात दोनदा त्या बाहेर गेलं की ते बंद करायचं. आपल्या नमुन्यातल्या ताई तर कुठल्या कुठे बाहेर आहेत.

सकाळची मळमळ, छाती दुखणं, थकवा, चिडचिड हे दोन्हीकडे सारखं असतं. त्यावरून ओळखायला जाऊ नका.

---

तगर

फार उपयोगाचं मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. गावात निम्म्या बायकांचं ऑपरेशन पंचविशी-तिशीत झालेलं आहे, त्या म्हणतात आम्हाला यातलं काही लागू नाही. आणि 'छाया' ही गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या काहीजणींची पाळी लांबते, ती गोळीने की वयाने?

---

उपकेंद्र_सिस्टर

छायाचं मी सांगते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दोन वारी, मग आठवड्यातून एकदा. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी, हॉर्मोन नाही. काहीजणींची पाळी ती लांबवते, हे तिच्या कार्डावरच लिहिलेलं आहे. पंधरा दिवसांच्या वर उशीर झाला तर चाचणी. गोळीने की वयाने हे गोळी चालू असताना कळत नाही, आणि शोधत बसायची गरजही नाही. वय ४८, छाया चालू, सहा महिने काही नाही, अशी बाई आली तर गोळी बदलून तांबी किंवा निरोधावर आणायचं आणि तिथून पुढे मोजणी सुरू करायची. त्याआधीचे सहा महिने धरायचे नाहीत.

---

ओपीडी_नंबर_४

ऑपरेशनबद्दल: लागू नाही असं नाही, फार कमी लागू आहे. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दहा वर्षांत हजारात अठरा-एकोणीस बायकांना नळबंदीनंतर दिवस राहिले. पंचविशीत ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण जास्त, कारण पुढे सुपीक वर्षं बरीच उरलेली असतात. पण राहिले तर साधारण तिघींत एकीचा गर्भ नळीतच असतो. नळीत गर्भ राहण्याचं प्रमाण वयाप्रमाणेही वाढतं. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली, थोडं थोडं काळपट डाग लागतंय, एका बाजूला ओटीपोट दुखतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय किंवा उठल्यावर अंधारी येते, तर "पाळी जायच्या वेळचं" म्हणून घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी चाचणी आणि सोनोग्राफी. हा परिच्छेद पत्रकात चौकटीत टाका.

राहिलेच दिवस आणि नको असतील तर काय, हे विचारलं नाहीत पण लागणार. गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर साधन अयशस्वी झालं या कारणाने २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो. अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात लागत नाही. गोळ्यांनी नऊ आठवड्यांपर्यंतच. इथे या वयाची खास खोच आहे: शेवटच्या पाळीवरून आठवडे मोजले तर पाळीच तीन महिन्यांपूर्वीची, हिशेब पार चुकतो, दोन्हीकडे. सोनोग्राफीत गर्भाची डोकं ते ढुंगण लांबी मोजूनच वय ठरवायचं. दुकानातून गोळ्या आणून घेण्यात नळीतला गर्भ नजरेतून सुटतो, आणि या वयात तो धोका खरा आहे.

मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधी निदान महिनाभर, मधुमेह किंवा फिट्स असतील तर ५ मिलिग्रॅम. दिवस राहिले आणि ठेवायचे असतील तर पहिल्याच भेटीला रक्तदाब आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची साखर-चाचणी. ११ ते १३ आठवड्यांत मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी, दहाव्या आठवड्यापासून रक्तावरची गुणसूत्र-तपासणी उपलब्ध, पक्कं निदान पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजलाचं पाणी काढून. रक्तदाब वाढण्याचा धोका बराच, त्यासाठी बारा आठवड्यांपासून कमी मात्रेचं ॲस्पिरिन डॉक्टर ठरवून देतात.

नमुन्यातल्या बाईचं: २१ दिवसांनंतरची चाचणीही निगेटिव्ह आली आणि पाळी नव्वद दिवसांच्या पुढे गेली, तर टीएसएच, प्रोलॅक्टिन (दुधाचं हॉर्मोन) आणि सोनोग्राफी. थायरॉइडने पाळी चुकणं या वयात खूप असतं आणि "वयाने" म्हणून ते राहून जातं. नंतर एकदम आठ-दहा दिवस गुठळ्या पडत गेल्या तर ४५ च्या वरच्या बाईच्या गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. तो रिपोर्ट येण्याआधी कोणी पिशवी काढायची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्यावं. १२ महिने बंद राहून पुन्हा डाग दिसला तर एकच डाग असला तरी दाखवायचं.

आणि तांबी. पाळी जाऊन वर्ष झालं (पन्नाशीच्या आत असेल तर दोन) की काढून घ्यायला सांगा. वीस वर्षांपूर्वी बसवलेली तांबी पासष्टाव्या वर्षी एक्स-रेत सापडते. तोवर पिशवी आकसलेली असते, दोरा वर गेलेला असतो आणि जे काम ओपीडीत दोन मिनिटांत झालं असतं त्याला भूल द्यावी लागते. बैठकीत हात वर करून विचारा, तांबी कधी बसवली ते कोणाकोणाला आठवत नाही.